वडिलांची आठवण आणि लेकीचा हिस्सा

मराठी वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तेचा शेवट ठरलेला असतो. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन विवाहित मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ त्या ओळीत मुली मोजलेल्या असतात, आणि मोजल्या जाव्यात इतके त्यांचे नाते खरेही असते. वडील आजारी पडले की सासरची कामे टाकून धावत येणारी बहुतेक घरांत मुलगीच असते. दशक्रियेला, तेराव्याला, वर्षश्राद्धाला ती येते. पितृपंधरवड्यात वडिलांच्या आवडीचे काय करायचे हे भावजयीला तीच सांगते, पुण्यस्मरणाच्या जाहिरातीसाठी चांगला फोटो तीच शोधून देते. वर्ष सरते आणि त्या माणसाच्या नावावरच्या शेताचा उतारा काढून पाहिला तर तिथे मुलगे असतात, कधी पत्नी असते, मुली मात्र नसतात. वडिलांना आठवण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्यांना वडिलांनी मागे ठेवलेल्या मिळकतीत वाटा नाही, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे. विषय निघालाच तर तो भाऊ-बहिणीचा वाद म्हणून निघतो. बहिणीने मागावे का, भावाने द्यावे का, एवढ्यावरच चर्चा फिरते. मला हा प्रश्न मुळात त्या दोघांचा वाटत नाही. तो वडिलांचा आहे. हयातीत न बोलता जो निर्णय ते पुढे ढकलत राहतात, तो त्यांच्यामागे मुलीला एकटीला घ्यावा लागतो, आणि तो घ्यायची सर्वांत वाईट वेळ तीच असते.

कागदावर हे कसे घडते ते नीट पाहिले पाहिजे. खातेदार वारला की वारसांनी तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. जमीन महसूल संहितेनुसार ही वर्दी तीन महिन्यांच्या आत देणे अपेक्षित आहे. सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची यादी लागते. वारस नोंदवहीत नोंद होते, फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, आई, मुलगे आणि मुली सगळ्यांचा हिस्सा सारखा. या साखळीत मुलीला वगळायला कायद्याने कुठेही जागा ठेवलेली नाही. तरी ती वगळली जाते. कधी यादीतच तिचे नाव दिले जात नाही. कधी थोरल्या मुलाचे नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागते आणि बाकीचे सगळे त्या तीन अक्षरांमागे दिसेनासे होतात. आणि जुने फेरफार चाळले तर आणखी एक तऱ्हा सापडते. सातबाऱ्यावर कब्जेदारांचा एक रकाना असतो आणि ‘इतर हक्क’ असा दुसरा. या दुसऱ्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, एखाद्या कुळाचे नाव, शेजाऱ्याचा विहिरीतल्या पाण्याचा हक्क अशा नोंदी असतात. वडील गेल्यावर मुलगे कब्जेदार सदरी लागले आणि मुलींची नावे या इतर हक्कांत, बोजा आणि विहिरीच्या ओळींच्या मध्ये कुठेतरी लिहिली गेली, असे असंख्य उतारे राज्यभर आहेत. कायद्याने ती भावाइतकीच वारस होती. लिहिणाऱ्याने तिला बापाच्या जमिनीवरचा एक बोजा करून टाकले.

जिथे नावे नीट लागतात तिथे पुढची पायरी हक्कसोडपत्राची. तो दस्त नोंदवावाच लागतो, म्हणून बहिणींना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात यावे लागते. भाऊ गाडी करतो, सगळ्या एकत्र जातात. मुद्रांक शुल्क नाममात्र असते. दस्त लिहिणाऱ्याकडे मसुदा तयार असतो. त्यात नावे, गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा तेवढी बदलायची, बाकीचा मजकूर पिढ्यान्‌पिढ्या तोच: भावाबहिणीच्या नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला, कोणाच्याही दबावाला बळी न पडता, राजीखुशीने. कॅमेऱ्यासमोर फोटो होतो, यंत्रावर अंगठा उमटतो, ओळख पटवणारे सह्या करतात आणि दुपारपर्यंत काम उरकते. आपल्या वाट्याला किती गुंठे येत होते, त्यांचा आज काय भाव आहे, याची चौकशी तिने केलेली नसते आणि तिला कोणी आपणहून सांगतही नाही. या सहीला राजीखुशी म्हणताना मला अडखळायला होते. ती खोटी असते असे नाही. पण वडिलांचे वर्षश्राद्धही झालेले नसताना, भाऊ, भावजय आणि आई समोर बसलेले असताना आणि ‘नाही’ म्हटले तर पुढच्या दिवाळीला कोणत्या दाराशी जायचे हे ठाऊक नसताना दिलेल्या संमतीला किती मोकळी म्हणायचे?

हे कायदा नसल्यामुळे होते असे कोणी म्हणू शकत नाही. उलट या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. हिंदू कोड बिलात मुलीला मुलाइतका वाटा असावा यासाठी डॉ. आंबेडकरांनी जिवाचे रान केले आणि ते बिल रखडवले गेले म्हणून १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतंत्र मिळकतीत वारस केले, पण वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मसिद्ध वाटा मुलग्यांपुरताच राहिला. राहत्या घराचे तर असे होते की भावांनी वाटप करायचे ठरवल्याशिवाय बहिणीला ते मागताच येत नव्हते. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने हा भेद आपल्या हद्दीत काढला, मात्र त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली बाहेर ठेवल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तीही अट गेली आणि राहत्या घराचे कलमही गेले. त्यानंतरची पंधरा वर्षे वकिलांनी एकाच मुद्द्यावर घासाघीस केली: त्या दिवशी वडील हयात असायला हवेत की नकोत? विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील कधी वारले याच्याशी त्याचा संबंध नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपे तेवढी अबाधित राहिली. अन्य धर्मीयांच्या कायद्यांतही मुलगी वाऱ्यावर नाही. ख्रिस्ती मुलीला सारखा आणि मुस्लिम मुलीला भावाच्या निम्मा वाटा सांगितलेला आहे.

मुलीचा वाटा ही बाहेरून लादलेली गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच प्रांताकडे पाहावे. ज्या मिताक्षरेचे नाव घेऊन मुलींना नाकारले गेले, ती विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. पण मुंबई इलाख्यात तिच्या जोडीने दुसरा एक ग्रंथ प्रमाण मानला जाई: सतराव्या शतकातला नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, पुढे काशीला गेलेले. मुलगे आणि विधवा नसतील तेव्हा मुलगी वारस होई, हे इतरत्रही होते. पण इतर बहुतेक प्रांतांत तिला ती मिळकत हयातीपुरतीच भोगता येई, आणि इथे ती तिची पूर्ण मालकीची होई. बहिणीलाही इथे वारसांमध्ये मानाची जागा होती. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी हे वारंवार मान्य केले आहे. हे सगळे मुलगा नसलेल्या घरापुरते होते आणि समानतेपासून फार दूर होते, हे खरेच. तरीही बापाची जमीन लेकीच्या मालकीची होऊ शकते ही कल्पना या मातीला परकी नव्हती.

मग अडते कुठे? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण जेमतेम चौदा टक्के भरले. त्यात नवऱ्यामागे नाव लागलेल्या विधवाही आल्या, म्हणजे बापाकडून जमीन आलेल्या मुली याहून कमीच असणार. कायद्याचा काहीच उपयोग झाला नाही असेही नाही. क्लाऊस डायनिंगर, अपर्णा गोयल आणि हरी नागराजन या अर्थतज्ज्ञांनी १९९४ मध्ये कायदा बदललेल्या महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कुटुंबांची माहिती तपासली. वडील दुरुस्तीपूर्वी वारले अशी घरे आणि नंतर वारले अशी घरे, अशी तुलना त्यांनी केली. दुसऱ्या गटात मुलींना जमीन मिळण्याची शक्यता ठळकपणे वाढलेली दिसली, मुलींचे शिक्षण वाढलेले आणि लग्नाचे वय पुढे गेलेले दिसले. पण भावाबहिणींमधला फरक मिटला नव्हता. मला या निष्कर्षाचा दुसरा भाग अधिक बोलका वाटतो. कायद्याने दार उघडल्यावरही उंबरठा ओलांडायचे काम मुलीवर राहिले, आणि ते पाऊल तिने टाकले की घरात ती ‘मागणारी’ ठरते. भावाला कधी काही मागावे लागत नाही. त्याचे नाव आपोआप लागते. वडिलांनी हयातीत चार शब्द स्पष्ट बोललेले असते, लिहून ठेवलेले असते, तर तिलाही मागावे लागले नसते. मुलीच्या सहीमागे वडिलांचे मौन असते, आणि हक्कसोडपत्राच्या कोणत्याही मसुद्यात त्या मौनाचा उल्लेख नसतो.

वडील का बोलत नाहीत याचीही कारणे आहेत आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाहीत. मरणाची भाषा घरात अभद्र मानली जाते. दुसरे कारण भीतीचे. म्हातारपण मुलाच्या घरात काढायचे आहे, सुनेच्या हातचे खायचे आहे, अशा वेळी जमिनीत मुलींनाही वाटा आहे असे उघड म्हटले तर उद्या आपले कसे होईल, ही धास्ती खोटी नाही. पण बोलणे म्हणजे लगेच वाटून टाकणे नव्हे. मृत्युपत्र माणूस गेल्यानंतरच अमलात येते आणि तोवर ते कितीही वेळा बदलता येते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांसमोर साध्या कागदावर केलेलेही चालते. आणि हयातीतच बक्षीसपत्र करायचे असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात घालता येते. ती अट पाळली गेली नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे जाऊन ते रद्द करून घेता येते. आज मात्र मृत्युपत्र करणारे कित्येक वडील या सोयीचा उपयोग नेमका उलटा करतात. ते सगळे मुलग्यांच्या नावे लिहून ठेवतात. स्वकष्टार्जित मिळकतीबाबत कायदा त्यांना तशी मुभा देतो. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र ते फक्त आपला वाटा देऊ शकतात. मुलीचा जन्मसिद्ध वाटा त्यांच्या मृत्युपत्राने जात नाही, हे पुष्कळ मृत्युपत्रे लिहिताना विसरले जाते आणि मग भांडण कोर्टात जाते.

मुलीला नाही म्हणायची जी कारणे दिली जातात त्यांतले पहिले लग्नाच्या खर्चाचे. ‘तिचे लग्न थाटात केले, तिचा वाटा तेव्हाच दिला.’ या खर्चाचे ओझे बापाने खरोखर उचललेले असते, कर्ज काढून उचललेले असते, हे मान्य. पण तो पैसा गेला कोणाकडे? मांडव, जेवणावळी, वरपक्षाचे मानपान आणि १९६१ पासून कायद्याने गुन्हा असलेला हुंडा. यातले मुलीच्या हाती तिचे म्हणून काय उरले? अंगावरचे दागिने, तेही सासरच्या पहिल्या अडचणीला मोडेपर्यंत. मुलाच्या लग्नाचाही खर्च होतो, त्याच्या शिक्षणाचा होतो, त्याला दुकान टाकून दिले जाते. त्यातला एक रुपयाही त्याच्या वाट्यातून वजा धरला जात नाही. हिशेब करायचाच असेल तर तो दोघांचाही करावा.

दुसरे कारण तुकड्यांचे, आणि शेतकरी कुटुंबाला ते खरेच भेडसावते. महाराष्ट्रात एका वहितीखातेदाराकडची सरासरी जमीन १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टरवर आली. पण या पंचेचाळीस वर्षांत जमीन कोणामध्ये वाटली गेली? बहुतांशी भावाभावांत. तीन मुलगे असतील तर धाकट्याला कोणी निबंधक कार्यालयात नेऊन तुकडे होतील म्हणून तुझा हक्क सोड, असे सांगत नाही. तुकड्यांची काळजी मुलीचे नाव निघाले की मगच उगवते. शिवाय हिस्सा असणे म्हणजे बांध घालणे नव्हे. नाव सामाईक ठेवता येते, भावाने कसून बहिणीला खंड किंवा धान्य देता येते, आणि तिला विकायचेच असेल तर पहिला हक्क सहवारसाचा, म्हणजे भावाचा, हे उत्तराधिकार कायद्यातच आहे. हा हक्क शेतजमिनीलाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. भावाने बहिणीचा वाटा हप्त्याहप्त्याने विकत घ्यावा, यात लाजण्यासारखे काय आहे? आणि हिस्सेदार झालेली बहीण वडिलांच्या कर्जाचीही हिस्सेदार होते. कायद्याने तिला हक्कांबरोबर दायित्वेही सारखीच दिली आहेत. विदर्भ-मराठवाड्यात कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्यामागे वाट्याला काय येते हे त्याच्या मुलीला मुलाइतकेच कळते.

मुलगा सांभाळतो, मुलगी परक्या घरी जाते, हा तिसरा मुद्दा. जो मुलगा खरोखर गावी राहिला, आईवडिलांचे दुखले-खुपले पाहिले, त्याच्या कष्टांची दखल वाटपात घेतली जावी, असे मलाही वाटते, आणि मृत्युपत्रात ती घेताही येते. पण कर्तव्याच्या बाबतीत कायद्याने मुलीला केव्हाच परकी मानणे सोडले आहे. आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी विवाहित मुलीवरही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगितले. तो खटला महाराष्ट्रातलाच, एका वडिलांनी आपल्या डॉक्टर मुलीविरुद्ध केलेला. २००७ च्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी यांच्यात फरक नाही. सेवेची जबाबदारी सारखी आणि वाटा मात्र नाही, हे कोणत्या न्यायात बसते?

चौथा मुद्दा सर्वांत अवघड आहे: माहेर तुटेल. तो अवघड आहे कारण तो खुद्द बहिणीच मांडतात. माहेर ही मराठी स्त्रीच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट आहे. दिवाळसणाचे चार दिवस, पहिले बाळंतपण, भाऊबीजेची ओवाळणी यांच्या पलीकडेही तिचा अर्थ आहे. सासरी काही विपरीत घडले तर जायला एक जागा आहे, हा तो अर्थ. दोन एकरांसाठी ती जागा गमवायची नाही, म्हणून ती सही करते, आणि तिच्या बाजूने तो हिशेब शहाणपणाचाच असतो. पण ज्या आधारासाठी ती हक्क सोडते तो आधार मग भावाच्या मर्जीवर राहतो, भावजयीच्या मर्जीवर राहतो, आणि आई गेल्यावर तर फारच थोडा राहतो. नवऱ्याने टाकलेल्या किंवा वैधव्य आलेल्या किती बहिणींना त्याच घरी पाहुण्यासारखे राहावे लागते, हे कोणत्याही गावात दिसते. मिळकत जवळ असणे आणि नसणे यांत काय अंतर आहे हे प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पाहिले. त्यांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या विवाहित स्त्रियांच्या नावे जमीनही नव्हती आणि घरही नव्हते त्यांच्यापैकी ४९ टक्क्यांनी नवऱ्याची मारहाण सोसली होती. ज्यांच्याकडे दोन्ही होते त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होते. जिला स्वतःचे छप्पर आहे तिच्यावर हात उगारताना माणूस विचार करतो. बाप मुलीला देऊ शकेल अशा गोष्टींत याहून मोलाचे फार थोडे असेल. आणि माहेर तुटायचे भय घालवणे वडिलांच्याच हाती असते. हिस्सा वडिलांनी दिला तर बहिणीने घेतला असे होत नाही, आणि भावाला रुसायला जागा उरत नाही.

एक आक्षेप अभ्यासकांकडून आला आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सोनिया भालोत्रा, रेचल ब्रूले आणि संचारी रॉय यांना असे आढळले की ज्या राज्यांत मुलींना वारसाहक्क मिळाला तिथे पहिली मुलगी असलेल्या घरांत मुलगा हवा हा हट्ट वाढला आणि गर्भातच मुलगी नाकारली जाण्याचे प्रमाणही वाढले. जमीन जाईल या भीतीने जन्मच नाकारायचा, इतक्या थराला गोष्ट जाऊ शकते. सोनोग्राफी केंद्रांवर छापे पडत आलेल्या महाराष्ट्राला हे पटायला जड जाऊ नये. पण यातून निघणारा निष्कर्ष कायदा मागे घेण्याचा नाही. मुलगी जन्मू नये असे वाटायला लावणारी तीच जुनी समजूत आहे, की मुलीकडे गेलेली जमीन घराबाहेर गेली. ती समजूत न्यायालयाच्या निकालाने मोडत नाही. गावात ज्याच्या शब्दाला मान आहे असा बाप आपल्या हयातीत मुलीचे नाव लावतो तेव्हा तिला खरा तडा जातो. ब्रूले यांनीच पुढे दाखवले आहे की स्त्री सरपंच असलेल्या ठिकाणी, लग्नाआधीच, हुंड्याच्या जागी जमिनीतला वाटा अशी बोलणी घरात होऊ शकली तेव्हा विरोध मावळला. म्हणजे बोलणे आधी व्हावे लागते, वडील बैठकीत असताना.

अशी गोष्ट मराठी शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची नाही, याला आपल्याकडे दाखला आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेच्या महिलांचे मोठे अधिवेशन चांदवडला भरले आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. आपल्या जमिनीतला वाटा पत्नीच्या नावे करा, असे त्यांनी शेतकऱ्यांना सांगितले. कायद्याची सक्ती नव्हती, अनुदान नव्हते. ज्या पुढाऱ्यावर विश्वास होता त्याने हे घरच्या लक्ष्मीचे ऋण आहे असे समजावले, आणि गावोगाव हजारो पुरुषांनी तलाठ्याकडे जाऊन नावे लावली. लक्ष्मीमुक्तीने पत्नीला जे दिले ते मुलीपर्यंत नेणारी चळवळ मात्र नंतर उभी राहिली नाही, याची मला खंत वाटते. गोव्यात तर १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेली व्यवस्था अशी आहे की मालमत्तेचा अर्धा भाग अपत्यांसाठी राखीवच असतो, मुलगा-मुलगी हा भेद नसतो आणि वडिलांना मृत्युपत्र करूनही तो भाग एकट्या मुलग्याकडे वळवता येत नाही. तिथेही भावासाठी हिस्सा सोडणाऱ्या बहिणी आहेत. पण निदान बापाच्या लेखणीने मुलगी बेदखल होत नाही. महाराष्ट्राने या राखीव वाट्याचा गंभीरपणे विचार करायला हवा.

तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे. हक्कसोडपत्राचा दस्त वडिलांच्या मृत्यूनंतर निदान एक वर्ष नोंदवूच नये, आणि नोंदवताना हिस्सा सोडणारीला तिचे क्षेत्र व सरकारी मूल्यांकन वाचून दाखवावे, एवढा नियम शासनाला अवघड नाही. सोडण्याचा तिचा अधिकार मी नाकारत नाही. शहरात नोकरी करणाऱ्या बहिणीने कोरडवाहू दोन एकरांवर राबणाऱ्या भावाला आपला वाटा मनापासून दिला तर तो तिचा मोठेपणा आहे, आणि ज्याला तो मिळाला त्याने तो उपकार म्हणून लक्षात ठेवावा, रीत म्हणून नव्हे. फक्त हे देणे घाईने, न सांगता, दुःखाच्या भरात होऊ नये. वडिलांनी तर याहून आधी, हातपाय चालते आहेत तोवर, सगळ्या मुलांना एकत्र बसवावे, काय आहे, कशावर किती कर्ज आहे, वडिलोपार्जित किती आणि स्वतः घेतलेले किती, हे उतारे समोर ठेवून सांगावे, आणि आपल्या इच्छेचा कागद करावा. पत्नीचा वाटा त्यात पहिला लिहावा. आपल्यामागे मुलांच्या दाराशी कोणाला ठेवायचे नाही, याची सुरुवात तिच्यापासून होते.

आणि ज्यांचे वडील काही न बोलता गेले, त्या मुलग्यांसाठीही वेळ गेलेली नाही. २०२५ मध्ये महसूल विभागाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेऊन मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम राज्यभर हाती घेतले. वर्षानुवर्षे आजोबांच्याच नावावर राहिलेल्या जमिनी त्यातून पुढे आल्या, आणि अशा हजारो घरांत वारसांची यादी आज मुलगाच लिहून देतो आहे. त्या यादीत त्याने बहिणींची नावे, आत्यांची नावे, त्या वारल्या असतील तर त्यांच्या मुलांची नावे लिहावीत, कब्जेदार सदरी लिहावीत, आणि इतर हक्कांत अडकलेली जुनी नावे वर घेण्यासाठी अर्ज करावा. त्यासाठी त्याला बहिणीच्या मागणीची वाट पाहावी लागत नाही.